दर्यान जायाचा हाय

तुम्ही एका जिवंत पोरीला मरायला निघालेल्यांच्या यादीत घातलंत आणि त्या यादीला नाव दिलंत समावेशक. तुम्ही म्हणजे नेमके कोण, हे तुमच्या परिपत्रकावरून कळत नाही. खाली नुसती सही, तीही छापलेली. वर मात्र ठसठशीत लिहिलंय: 'समावेशक अध्यापन आणि जनरेटिव्ह एआय' हे पाच दिवसांचं प्रशिक्षण प्रत्येक प्राध्यापकाला सक्तीचं, आणि ज्याच्याकडे प्रमाणपत्र नसेल त्याच्या पुढल्या नेमणुकीचा विचार होणार नाही. ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांनी ते वाक्य वाचून जांभई दिली. ते वाक्य सुचेतासारख्यांसाठी होतं, आणि जिथे लागायचं तिथे बरोबर लागलं.

सुचेता भाईंदर पश्चिमेच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. नऊ वर्षं झाली, अजून तासिका तत्त्वावरच. म्हणजे परीक्षा सुरू झाल्या की नोकरी संपली, आणि जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज, नवी मुलाखत, समोर तेच तीन चेहरे. लालबागची खोली सोडून इथल्या टू बीएचकेत आली तेव्हापासून दर एप्रिलला ती हप्त्यांचा हिशेब मांडत बसते. नऊ वर्षांत तिने कुणाला उलट उत्तर दिलेलं नाही. भीती इतकी अंगवळणी पडली होती की ती आहे हेसुद्धा तिच्या लक्षात राहत नसे.

प्रशिक्षण द्यायला कौस्तुभ नावाचा तरुण आला होता. पांढरे बूट, गळ्यात माइक, साठीच्या प्राध्यापकांनाही 'फ्रेंड्स' म्हणायचा. पहिला दिवस त्याने ओळखीच्या खेळासाठी रंगीत चकत्या वाटण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी मात्र तो एक खरी गोष्ट बोलून गेला. मूल ज्या बोलीत विचार करतं त्या बोलीत त्याला एकदा तरी लिहू द्या, म्हणाला, चुका काढू नका, नुसतं लिहू द्या, म्हणजे मागच्या बाकावरची मुलं बोलायला लागतील. सुचेताने ते वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. तिच्या डोळ्यांसमोर समिधा आली होती.

समिधा तिच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली, उत्तनच्या पुढच्या चौक गावची, कोळ्याघरची. पहिल्या वर्षी ती एकदा उभी राहून 'न्हाय मॅडम' म्हणाली होती आणि सगळा वर्ग हसला होता. सुचेताही किंचित हसली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. त्यानंतर आजवर त्या मुलीने वर्गात हजेरीपलीकडे तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, प्रशिक्षणाला बसण्याआधी, सुचेताने वर्गाला कोरे कागद वाटले. विषय दिला 'पुढच्या वर्षी मी'. घरी बोलता तसं लिहा, पाच वाक्यं, मार्क नाहीत, लाल पेन नाही. वर्गात कुजबुज झाली. कुणी विचारलं, हिंदी मिक्स चालेल का, कुणी देवनागरीत गुजराती लिहायला बसलं. समिधाने डोकं वर न करता लिहिलं आणि कागद देताना पहिल्यांदाच मॅडमच्या डोळ्यांत बघितलं. घंटा झाली होती. सुचेताने अठ्ठावन्न कागदांचा गठ्ठा पिशवीत टाकला. शांतपणे वाचू, म्हणाली स्वतःशी.

वाचायचं राहिलं. चौथ्या दिवशी कौस्तुभने 'सोबती' उघडून दाखवला. हे तुमचं एआयचं मशीन. विद्यार्थ्याच्या कागदाचा फोटो टाकायचा, सोबती तो वाचणार, मुलाला कसली मदत लागेल ते सांगणार आणि नावापुढे रंग देणार, हिरवा, पिवळा किंवा लाल. मग शिक्षकाने तो शेरा वाचायचा आणि 'मी वाचून पडताळले आहे' या चौकटीत खूण करायची. कौस्तुभने तीनदा सांगितलं की मशीन फक्त सुचवतं, निर्णय माणसाचा. हे सांगून झाल्यावर त्याने घड्याळ लावलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीस मिनिटं, तेवढ्यात सगळं अपलोड नाही झालं तर प्रमाणपत्र निघणार नाही.

अठ्ठावन्न फोटो चढवण्यातच तिची छत्तीस मिनिटं गेली. नेट रडत होतं. ती पहिला शेरा उघडून वाचायला लागली तर शेजारी बसलेल्या कॉमर्सच्या मिनल मॅडमनी तिच्या फोनमध्ये डोकावून बघितलं.

"अरे सुचेता, एक एक क्या कर रही है? खाली बघ ना, 'सगळे निवडा' आहे. दबा दे. पनीर संपेल."

सुचेताने दाबलं. अठ्ठावन्न चौकटींत अठ्ठावन्न खुणा एका दमात उमटल्या. मिनिटाभरात प्रमाणपत्र आलं, तिचं नाव सोनेरी अक्षरांत, तेही 'सुचेत्ता' असं. तिने ते नवऱ्याला पाठवलं आणि पनीर घ्यायला गेली.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, समारोपाची भाषणं चालू असताना तिच्या फोनवर ईमेल आलं. प्राचार्यांना, समुपदेशन कक्षाला आणि परीक्षा विभागाला एकाच वेळी गेलेलं. विद्यार्थिनीचं नाव समिधा. रंग लाल. शेरा: 'आजोबा व वडील समुद्रात गेले. भाऊ बोलत नाही, कौटुंबिक एकटेपण. स्वतः समुद्रात जाण्याचा ठाम इरादा. कुणीही थांबवू शकणार नाही असे विधान.' त्याखाली एकच ओळ होती. शिक्षकाने पडताळले: होय.

सुचेताने ईमेलच्या खाली जोडलेला कागदाचा फोटो उघडला. आता पहिल्यांदा वाचत होती.

'आजा दर्यान गेला. बापूस दर्यान गेला. भावूस न्हाय बोलतो. पुडच्या वर्साला मी जानार, मना दर्यान जायाचा हाय. मना कोन थांबवनार न्हाय.'

तिला वाटलं, यात चूक असेल. मग आठवलं की समिधाच्या प्रवेश अर्जावर वडिलांच्या नावाआधी 'कै.' होतं. आणखी आठवलं की गुरुवारी, शुक्रवारी समिधा वर्गात नव्हती.  लालबागच्या कानांना त्या पाच वाक्यांत दुसरा कुठला अर्थ ऐकूच येईना. तिने समिधाला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर.

प्राचार्य गुणवंत सर तोवर तिच्या खुर्चीपाशी आले होते. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की घाबरू नका, प्रोटोकॉल सुरू झालाय, पोलिसांना कळवलंय, तुम्ही वेळेवर पडताळलंत म्हणून मुलगी सापडली, उलट तुमचं कौतुकच आहे. सापडली म्हणजे कागदावर. सुचेताने पर्स उचलली आणि कुणालाही न विचारता हॉलबाहेर पडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

चौकची बस निघायला वेळ होता म्हणून तिने रिक्षा केली. राई गेलं, मुर्धा गेलं, मोर्वा गेलं, मिठागरांवरचं ऊन डोळ्यांत घुसत होतं आणि ती दर दोन मिनिटांनी तोच नंबर लावत होती. रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, कोई सीरियस है क्या?" तिने फक्त जोरात चालवायला सांगितलं. डोक्यात एकच हिशेब फिरत होता. कागद बुधवारचा. आज शुक्रवार. मधे फोटोपुरता बाहेर आला, बाकी दोन दिवस तो तिच्या पिशवीत, डब्याच्या खाली. मुलीने हात पुढे करून सांगितलं होतं आणि आपण तो हात पिशवीत कोंबला. माणूस मेल्यावर असला कागद काढून दाखवतात. पेपरात छापून येतो. शिक्षिकेचं नावही येतं. या विचाराची तिला लाज वाटली, पण तो विचार गेला नाही.

चौकच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि पाण्याच्या कडेला पंधरा-वीस बाया-माणसं एकाच दिशेला, समुद्राकडे बघत उभी होती.  सुचेताने अशी गर्दी आधी बघितली होती, गिरगावच्या चौपाटीवर, लहानपणी, आणि तेव्हा आईने तिचे डोळे झाकले होते. चपला वाळूत रुतत होत्या. तिने त्या काढून हातात घेतल्या आणि धावली.

कडेला एक म्हातारी टोपलीवर हात टेकून उभी होती. सुचेताने धापा टाकत विचारलं, समिधा कुठाय, कॉलेजातली समिधा.

म्हातारीने समुद्राकडे हनुवटी केली. "समिधा? ती दर्यान गेली."

 सुचेता वाळूत तशीच खाली बसली. म्हातारी दचकली. हाताला धरून उठवायला लागली, कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं.  सुचेता नुसती म्हणत राहिली, कधी, कधी.

"कालपासून जाते ना काकाचे बोटीवर," म्हातारी म्हणाली. "पेपर चालू व्हायच्या आदी दोन दिस जाऊन बगते बोलली. आमचे गावान बायका न्हाय जात बोटीवर, पन ही ऐकते का? बापसासारकी हाय. तू कोन गो बाय?"

ही समिधाची आजी, शकूबाय. तिच्याकडून पाच मिनिटांत सगळं कळलं. आजा दर्यात गेला म्हणजे जन्मभर मासेमारी केली, आणि शेवटी घरातल्या खाटेवर गेला. बापूसही बोटीवरच जायचा, तो काविळीने गेला, भाईंदरच्या दवाखान्यात, मरणाशी समुद्राचा काही संबंध नाही. भाऊ मॉलमध्ये कामाला लागलाय, बोटीवर यायला तो नाही म्हणतो. न्हाय बोलतो. मग समिधाने हट्ट धरला की बापसाची बोट विकायची नाही, पदवी घेते आणि मी चालवते. गर्दी उभी होती ती पोरगी आज पहिल्यांदा जाळं ओढून येतेय ते बघायला, अर्धी कौतुकाने, अर्धी हसायला.

सुचेता रडली. सुटल्यासारखी रडली. तिला वाटलं, संपलं.

बोट लागली आणि समिधा गुडघाभर पाण्यात उतरली, भावाची जुनी ट्रॅकपँट घालून, ओढणी डोक्याला करकचून बांधलेली, हात सोललेले. मॅडमला बघून ती इतकी हसली की सुचेताला तीन वर्षांत तिचे दात पहिल्यांदा दिसले. त्याच वेळी रस्त्याच्या बाजूने दोन हवालदार वाळूत उतरले.

त्यांचा दोष नाही. त्यांना जे सांगितलं गेलं तेच त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं. जीव द्यायला निघालेली मुलगी ती हीच का. कॉलेजने कळवलंय, मशीनने कागद वाचून काढलंय, तिच्या मॅडमनी स्वतः खात्री करून लिहून दिलंय. मुलगी जिवंत आहे, बरं झालं, आता पालकांनी जबाब द्यायचा आणि डॉक्टरकडे न्यायचं. सुचेता मध्ये पडली, गैरसमज झालाय म्हणाली, तर मोठ्या हवालदाराने मोबाइलवरचं पत्र पुढे केलं. मॅडम, इथे तुमचंच नाव आहे ना? होय, तिचंच होतं.

किनाऱ्यावरचं हसणं बंद झालं. बोटीवरचे चार खलाशी बोट बांधायची सोडून खाली बघायला लागले. समिधाचा काका, शिवा, बोटीचा मालक, बराच वेळ दोरीचा तोच वेढा घालत राहिला. पोरगी बोटीवर येते हे त्याने खलाशांना कसंबसं पटवलं होतं. मरायची गोष्ट जिच्या नावाला चिकटली ती बोटीवर, हे तो कुणाला पटवणार होता? तो समिधाकडे न बघता बोलला.

"उद्या नको येऊ बाय. ही लोका न्हाय यायची मंग."

 समिधा सरळ सुचेताकडे आली. हसू केव्हाच पुसलं होतं. वर्गात ती मॅडमशी जपून, पुस्तकी मराठी बोलायची. आता बोलली नाही.

"तुमी बोल्लाव, घरच्या बोलीन लिवा. मी लिवला. तुमी ता वाचलाव का?"

"नाही," सुचेता म्हणाली.

"मंग मशीनला कोनी सांगला, वाचला म्हनून?"

सुचेताला खोटं बोलता आलं असतं. तिथे कौस्तुभ नव्हता, गुणवंत सर नव्हते. तिची नजर हातातल्या फोनकडे गेली आणि समिधाला जे कळायचं ते कळलं. मुलगी टोपलीची कड धरून आजीच्या मागून चालायला लागली. जाताना बाया तिला वाट करून देत होत्या, आजारी माणसाला देतात तशी.

घरी येईपर्यंत दुसरं ईमेल आलं होतं. लाल रंगातल्या विद्यार्थिनीला परीक्षेला बसवण्याची जोखीम कॉलेज घेऊ शकत नाही. मानसोपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र येईपर्यंत हॉल तिकीट रोखून ठेवलंय. पहिला पेपर सोमवारी, साडेदहाला. मराठीचाच.

त्या रात्री तिला झोप आली नाही, आणि ती भीती नेहमीची नव्हती. नेहमीच्या भीतीत तिला काय गमवायचंय ते ठाऊक असायचं. आता तिला स्वतःच्या बोटाची भीती वाटत होती. ज्या बोटाने एक चौकट दाबली आणि एका पोरीचं नाव गावात फिरलं, त्या बोटाला काही लागलंसुद्धा नव्हतं.

शनिवारी सकाळी ती गुणवंत सरांच्या केबिनमध्ये गेली. कौस्तुभही तिथेच होता, निघायच्या घाईत, बॅग दारापाशी. तिने जे घडलं ते सांगितलं. दर्यान जाणं म्हणजे मासेमारीला जाणं, एवढंच. ऐकून कौस्तुभ खरंच ओशाळला. भाषेचा डेटा कमी असल्यामुळे असं होतं फ्रेंड, म्हणाला, आपण केस बंद करू. त्याने लॅपटॉप उघडून सोबतीत समिधाचं खातं काढलं. केस बंद करण्याचं कारण निवडायला यादी आली. 'समुपदेशन सुरू.' 'उपचार पूर्ण.' 'पालकांच्या ताब्यात दिले.' 'विद्यार्थी हयात नाही.' तो यादी वर-खाली करत राहिला. शेवटी म्हणाला की 'चूक झाली' असं कारण यात नाहीये, कारण शिक्षकाने पडताळलेलं आहे आणि माणसाने पडताळलेलं चूक धरत नाहीत.

"'उपचार पूर्ण' टाकू या का?" त्याने विचारलं. "लगेच हिरवी होईल."

"कसले उपचार? तिला झालंय काय?"

गुणवंत सरांनी कौस्तुभला थांबवलं आणि खुर्ची पुढे ओढली. आवाज मायेचा होता. ते म्हणाले, सुचेता मॅडम, एक मार्ग आहे, तुम्ही लेखी द्या की तुम्ही न वाचताच पडताळलं. मग ती खूण रद्द होईल, वरच्या कार्यालयाला कळवता येईल. पण मग प्रमाणपत्रही रद्द होईल, खोटी पडताळणी म्हणून. आणि जून... ते पुढचं वाक्य पूर्ण न करता पेनचं टोपण लावत बसले. मग म्हणाले की मुलीला सहा महिन्यांनी पुन्हा बसता येईल, तेवढ्याने काही जगबुडी होत नाही. तुम्ही तुमचं बघा.

 सुचेताने कागद मागितला. सरांना वाटलं, रजेचा अर्ज असेल. तिथेच त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून तिने लिहिलं, आणि अक्षर इतकं वाकडं आलं की पहिला कागद फाडून दुसरा घ्यावा लागला. मग ती बाहेर गेली आणि आवक-जावक बघणाऱ्या रसिकाला म्हणाली, याच्यावर शिक्का मार आणि नंबर टाक. रसिकाने वाचलं, एकदा तिच्याकडे बघितलं. "मॅडम, शुअर ना?" सुचेताने मान हलवली. रसिकाने शिक्का मारला, नंबर टाकला आणि झेरॉक्स काढून दिली. त्यातली एक प्रत सुचेताने केबिनमध्ये परत नेऊन सरांच्या समोर ठेवली, दुसरी परिपत्रकावरच्या पत्त्यावर पाठवली. त्यात हे होतं.

'मी अठ्ठावन्न विद्यार्थ्यांचे कागद न वाचता वाचले असे लिहून दिले. मला चाळीस मिनिटे दिली होती आणि नोकरी जाण्याची भीती होती. सगळ्यांनी हेच केले, पण मी माझ्यापुरते लिहीत आहे. माझे प्रमाणपत्र रद्द करा. समिधा ही आजारी नाही. तिने जे लिहिले ते तिच्या गावात कुठल्याही लहान मुलाला कळते. ते मला कळले नाही, मशीनला कळले नाही, तुम्हालाही कळले नाही, आणि शिक्षा तिला झाली. आता जिने चूक केली ती मी समोर आहे, तेव्हा तिला अडवण्याचे कारण उरलेले नाही. तरी ती अडवली गेली, तर सोमवारी साडेदहाला तिला बाकावरून उठवणारा माणूस कोण असेल, त्याचे नाव आणि हुद्दा मला लेखी कळवा. पेपर सुरू होण्याआधी कळवा.'